डाव्या पायाला सुट्टी, तेलाला नाही!

इंक्रिमेंट झालं, नवी गाडी बुक झाली, पेढेही वाटून झाले. आता जुनीचं काय करायचं? एक्स्चेंजमध्ये डीलर जो आकडा सांगतो, तो ऐकून हसावं की रडावं कळत नाही. मग रात्री जेवताना घरात कोणाला तरी सुचतं, ‘गावी बाबांना देऊन टाकू या ना!’ आणि ती जुनी गाडी ऑटोमॅटिक असेल तर विचारूच नका. बाबांचा डावा गुडघा कुरकुरतोय, क्लच दाबवत नाही, एसटीची पायरी चढवत नाही. दोन पेडल, एक लिव्हर, झालं काम. आपल्यालाही काहीतरी चांगलं केल्याचं समाधान.

माझ्या ओळखीतल्या निदान चार-पाच गाड्या अशा ‘रिटायर’ होऊन गावी गेल्या आहेत. पहिल्या पिढीची होंडा सिटी ऑटोमॅटिक, तीन गिअरवाली मारुती झेन, २००८ नंतरची पाच गिअरची सिटी, चार गिअरची आय-टेन. या सगळ्या खऱ्याखुऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक. (२०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे आलेली एएमटी ही वेगळी जात. तिच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच तुमच्याऐवजी मशीन दाबतं. सीव्हीटीचं तेलही वेगळं. आज त्यांच्याबद्दल बोलत नाहीये.)

गाडीबरोबर आपण काय काय पाठवतो? आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दुसरी किल्ली, हौशी मंडळी नवे सीट कव्हरही. गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल आहे, ते कधी बदललं आणि आता कधी बदलायचं, हे मात्र कोणी पाठवत नाही. कारण ते आपल्यालाच माहीत नसतं! इंजिन ऑइल आपल्याला कळतं, दर सर्व्हिसिंगला बिलावर दिसतं. या दुसऱ्या तेलाचं नाव एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. रंग लाल. आणि गंमत म्हणजे हे तेल नुसतं वंगण नाही. गाडी हे तेलच ओढतं.

कसं ते बघा. ताक करताना भांड्यात रवी फिरवली की थोड्या वेळानं भांडंच फिरायला बघतं. म्हणून तर आई भांडं पायात घट्ट धरून बसायची. रवी आणि भांडं एकमेकांना कुठेही जोडलेले नाहीत, मधल्या ताकानंच ते जोर पोचवला. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे हेच. इंजिनाकडून एक पात्यांचं चाक फिरतं, ते तेल भिरकावतं आणि त्या तेलाच्या माऱ्यानं समोरचं दुसरं चाक फिरतं. ते गिअरबॉक्सला जोडलेलं. मध्ये एक तिसरं, लहानसं चाक असतं, ते परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतं. त्यामुळे गाडी जागची हलताना जोर जवळजवळ दुपटीपर्यंत वाढतो. सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभे राहा, इंजिन बंद पडत नाही, कारण मध्ये फक्त तेल आहे. ही युक्ती हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ च्या पेटंटमधली. आणि ती गाडीसाठी नव्हतीच मुळी, जहाजांसाठी होती.

पण ताकात एक खोट आहे. भांडं रवीइतक्या वेगानं कधीच फिरत नाही, थोडं मागेच राहतं. गाडीतही तसंच. सरळ हायवेवर ऐंशीनं चाललात तरी दोन चाकांत थोडा फरक राहतोच. तेवढं पेट्रोल वाया जातं, आणि वाया गेलेली ती ताकद जाते कुठे? तेल तापवण्यात. यावर उपाय म्हणजे लॉकअप. एका ठरावीक वेगानंतर आतला एक छोटा क्लच दोन्ही चाकं एकमेकांना चिकटवून टाकतो, जणू रवी भांड्यालाच बांधली. अमेरिकेत पॅकार्डनं १९४९ मध्येच अशी सोय आपल्या अल्ट्रामॅटिकमध्ये दिली होती. पण तेव्हा पेट्रोल पाण्याच्या भावात, कोणाला पडली होती? १९७३ च्या तेलटंचाईनं सगळ्यांचे डोळे उघडले, १९७८ मध्ये क्रायस्लरनं लॉकअप परत आणलं आणि मग ते सगळीकडे पसरलं. आपल्याकडच्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ते आहे. शांतपणे चालवत असाल तर साधारण पन्नास-साठच्या पुढे टॅकोमीटरचा काटा दोन-तीनशे आरपीएमनं हळूच खाली येतो, गिअर पडल्यासारखं वाटतं. तो गिअर नसतो, लॉकअप असतं.

आता माझ्या मामांकडे येऊ. मामा असतात मारेगावला. यवतमाळ जिल्हा, वणीहून यवतमाळकडे जायला लागलं की लागतं ते. पुढे करंजीला नागपूर-हैदराबाद हायवे भेटतो. कापसाचा मुलूख, शेजारी वणीच्या कोळशाच्या खाणी, आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरात पारा. मामा रिटायर्ड मास्तर. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मामींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी दर तीन महिन्यांनी नागपूर गाठायचं, आणि मामा कोणाकडे लिफ्ट मागणाऱ्यांतले नाहीत. मामेभावानं त्याची २००९ ची ऑटोमॅटिक सेडान सातशे किलोमीटरच्या आसपास चालवत पुण्याहून तिकडे नेऊन दिली. एमएच १२ नंबरची गाडी मारेगावच्या अंगणात उभी राहिली. गल्लीत मामांचा भाव काय वाढला म्हणून सांगू!

वर्षभरानं फोन आला. ‘अबे, साठच्या वर गेली का गाडी थंडीतापानं कापल्यावानी करते. चाळीसवर मस्त, ऐंशीवर मस्त. मधातच काहून कापते?’

तिकडच्या एका गॅरेजात इंजिनाचे माउंट बदलून झाले होते. मग प्लग. मग व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट. बिल वाढत होतं, थरथर तशीच. मेकॅनिक प्रामाणिक होता, पण त्याचं आयुष्य ट्रॅक्टर, पिकअप आणि बोलेरोत गेलेलं. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स त्यानं उघडलेला नव्हता, आणि ‘मी उघडत नाही’ असं त्यानं स्पष्ट सांगितलं, याबद्दल त्याला शंभर मार्क. शहरातले कित्येक जण उघडून बसतात आणि मग बोल्ट मोजतात.

मी फोनवरच मामांना एक टेस्ट सांगितली, तुम्हीही करून बघा. मोकळा रस्ता, मागे कोणी नाही. थरथर सुरू झाली की उजवा पाय एक्सलरेटरवर आहे तसाच ठेवायचा आणि डाव्या पायानं ब्रेकला अगदी हलका स्पर्श करायचा, ब्रेक लाइट लागेल एवढाच. (इथे डावा पाय दुखरा असला तरी चालतो, जोर काहीच लागत नाही. पण सवय नसेल तर जपून, आणि शेजारी कोणी असेल तर बरं.) ब्रेकला हात... सॉरी, पाय लागला की लॉकअप सुटतं. त्याच क्षणी थरथर थांबली तर चाकं, प्लग, माउंट सगळे निर्दोष. चोर गिअरबॉक्समध्ये. मामांची थांबली.

असं का होतं, हे मास्तरांना समजावणं सोपं गेलं. खडू फळ्यावर कधी गुळगुळीत चालतो, कधी अंगावर काटा आणत करकरतो. करकरतो तेव्हा तो चिकटतो-सुटतो-चिकटतो-सुटतो, सेकंदाला कितीतरी वेळा. लॉकअपचा क्लच पण तेलात बुडालेलाच पकडतो. त्या तेलानं एकाच वेळी दोन उलटी कामं करायची असतात. गिअरच्या दातांना घसरू द्यायचं आणि क्लचच्या चकत्यांना घसरू द्यायचं नाही. आणि पकड बसतानाही ती झटक्यात नाही, अलगद बसली पाहिजे. हे साधायला तेलात खास रसायनं असतात. ती संपली की क्लच करकरायला लागतो आणि तुम्हाला रस्त्यावर बारीक बारीक स्पीडब्रेकर असल्यासारखं वाटतं. नव्या डिझाइनमध्ये तर लॉकअप मुद्दाम किंचित घसरतं ठेवतात, स्मूथ वाटावं म्हणून. म्हणजे तेलावर आणखी भार.

या रसायनांचा इतिहास ऐकून मी उडालोच होतो. जुन्या अमेरिकन एटीएफमध्ये ही अलगद पकड यायला काय घालायचे माहितीये? व्हेल माशाचं तेल! स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेल वाचवण्याचे कायदे आले, १९७३ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांसाठीचा मोठा कायदा झाला, आणि तेल कंपन्यांची धांदल उडाली. त्याच सुमाराला जनरल मोटर्सचं नवं डेक्सरॉन-टू आलं, पण सुरुवातीच्या तेलानं कूलरच्या जोडांना गंज धरू लागला, मग त्यात पुन्हा दुरुस्ती. व्हेल वाचले हे उत्तमच झालं, पण एका बाटलीतलं एक औषध बदललं की केवढा गोंधळ उडतो, ते बघा.

आणि तोच गोंधळ आपल्या गावी रोज छोट्या प्रमाणात चालू असतो. मामांच्या गाडीत तेल कमी दिसलं तेव्हा कोणीतरी लाल तेल टाकलं होतं. कुठलं? ‘स्टिअरिंगचं.’ ट्रॅक्टर-ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगला लागणारं लाल तेल तालुक्याच्या कुठल्याही ऑइलच्या दुकानात मिळतं. बाटलीवर एटीएफ लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण ते जुन्या स्पेसिफिकेशनचं. पॉवर स्टिअरिंगला तेवढं पुरतं, तिथे लॉकअप क्लच नाही. होंडाला होंडाचं तेल लागतं, बऱ्याच जुन्या ह्युंदाईंना एसपी-थ्री, कोणाला डेक्सरॉन. रंग सगळ्यांचा बहुधा लालच. लाल रंग हा नुसता रंग आहे, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखू यावी म्हणून घातलेला. लाल दिसलं म्हणून टाकलं, हे म्हणजे पांढरी गोळी दिसली म्हणून घेतली, तसं. आणखी एक. ‘डेक्सरॉन-थ्री’ असं छापलेल्या बाटल्या आजही मिळतात, पण जनरल मोटर्सनं त्या नावाची लायसन्स २००६ अखेरच बंद केली. आता बाटलीवर ते नाव म्हणजे बनवणाऱ्याचा शब्द, बस्स. ओनर्स मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत जे नाव दिलंय तेच घ्या. मॅन्युअल हरवलं असेल तर बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकवरच कोरलेलं असतं.

‘पण आमच्या गाडीत तेल लाइफटाइम आहे’ असं म्हणणारे भेटतातच. २००६ च्या सुमाराला आपण सगळ्यांनी घेतलेलं लाइफटाइम प्रीपेड कार्ड आठवतंय? ते लाइफ नक्की कोणाचं, असं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. मर्सिडीजनं १९९६ मध्ये आणलेल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला डिपस्टिकची नळी होती, पण आत डिपस्टिकच नव्हती. वर सील. तेल आयुष्यभराचं, तुम्ही हात लावू नका! पुढे त्याच कंपनीनं तेल बदलायचं वेळापत्रक दिलं.

तेलाला मारतं कोण? उष्णता. ढोबळ हिशेब असा, की ठरावीक मर्यादेनंतर दर दहा अंशांमागे तेल म्हातारं होण्याचा वेग दुप्पट होतो. मग तुम्ही म्हणाल, विदर्भाच्या उन्हानंच घात केला. ऊन आहेच, पण खरा घात वेगळाच. लॉकअप लागतं पन्नास-साठच्या पुढे. वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे वीस-पंचवीसनं चालायचं, ओव्हरटेक करता येत नाही, म्हणजे लॉकअप लागतच नाही, तेल नुसतं घुसळत राहतं आणि तापत राहतं. हिवाळ्यात त्यात कापसाच्या गाड्यांची रांग. आणि हसू नका, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तुमची गाडी सोमवार ते शुक्रवार हेच करत होती. मामांकडे गेली तेव्हाच ते तेल अर्धमेलं होतं. ओनर्स मॅन्युअलमध्ये कडक वापरासाठी वेगळी, कमी किलोमीटरची मुदत असते. आपल्याला वाटतं ती टॅक्सीवाल्यांसाठी. छे, ती आपल्यासाठीच असते! माझं मत विचाराल तर आपल्या हवेत चाळीस हजार किलोमीटरला तेल बदला आणि त्यात कंजुषी करू नका. ट्रकमागे अडकलात तर ओव्हरड्राइव्हचं बटण ऑफ करा, म्हणजे गाडी वरच्या गिअरमध्ये जा-ये करत बसणार नाही.

बऱ्याच गाड्यांत हे तेल थंड व्हायला रेडिएटरच्याच टाकीतून जातं. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतायची सवय तिकडे घरोघरी आहे. आतून गंज धरला, नळीला भोक पडलं, की पाणी तेलात. मग डिपस्टिकवर लाल तेलाऐवजी रोझ मिल्कशेक दिसतो. तो दिसला तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पाण्यानं क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटून येतं.

मामांच्या डिपस्टिकवर मिल्कशेक नव्हता. तपकिरी, जळकट वासाचं तेल होतं. आता प्रश्न, बदलायचं का? कारण एक जुनी दहशत आहे. ‘लाखभर किलोमीटर बदललं नाही ना, मग आता बदलू नका, गिअरबॉक्स बसेल.’ यात अर्धं खरं आहे. ज्याच्या क्लचच्या चकत्या आधीच झिजल्यात, डी टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करून हलते, तेलात धातूचे तुकडे दिसतात, त्याचा गिअरबॉक्स नव्या तेलानं वाचत नाही, आणि मग आळ नव्या तेलावर येतो. पण गिअर नीट पडतायत आणि फक्त लॉकअपची थरथर आहे, तर तेल बदलणं हाच पहिला उपाय. फक्त मशीन लावून जोरात फ्लश करू नका. खालचा बोल्ट उघडला की पाच-सहा लिटरपैकी साधारण निम्मंच तेल येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. तेवढंच काढायचं, मोजायचं, तेवढंच नवं भरायचं. आठवडाभर चालवायची, पुन्हा तेच, मग पुन्हा तेच. जुनं तेल रुपयातले आठ आणे उरतं, मग चार आणे, मग दोन आणे. हे काम बोलेरोवाला मेकॅनिक सहज करतो. गिअरबॉक्स उघडायचा नसतो, फक्त बोल्ट.

कंपनीचं तेल वणीत मिळालं नाही. भावानं पुण्याहून नऊ लिटर ट्रॅव्हल्सनं पाठवलं. पहिल्या वेळेनंतर फरक शून्य, मामांनी मला बरंच ऐकवलं. दुसऱ्या वेळेनंतर थरथर कमी झाली. तिसऱ्यानंतर सपाट रस्त्यावर गेली, चढाला सत्तरच्या आसपास अजून किंचित जाणवते. म्हणजे लॉकअपच्या अस्तराची थोडी झीज झालेलीच आहे. ती तेलानं भरून येणार नाही. पण कन्व्हर्टर उतरवायचा खर्च त्या गाडीच्या किमतीच्या अंगावर येतो, त्यामुळे आहे तशी चालवायची असं ठरलं. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून रजिस्ट्रेशन रिन्यू केलंय, नागपूरच्या फेऱ्या चालू आहेत.

आता राहिली गावाकडची सगळ्यात मोठी भीती, धक्का! बॅटरी बसली की आपल्याकडे चार जण धावून येतात, ‘चला, धक्का मारू!’ ऑटोमॅटिकला धक्का मारून ती सुरू होत नाही. आतला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर दाब नाही, दाब नाही तर गिअर धरत नाहीत. मारुतीच्या देवळापर्यंत ढकलत नेलीत तरी ती तशीच. म्हणून बॅटरी जुनी होऊ देऊ नका आणि डिकीत जंपर केबल ठेवा.

आणि दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढायची तर मुळीच नाही. पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहतात, आत तेल खेळत नाही, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गॅरेजात पोचेपर्यंत गिअरबॉक्सचं काम झालेलं असतं. पुढची चाकं उचलून न्या, नाहीतर अख्खी गाडी पिकअपवर चढवून. मामांनी एका चारचाकी मालवाहूवाल्याचा नंबर सन व्हायजरच्या मागे चिकटवून ठेवलाय.

शेजारी दुसरी चिठ्ठी आहे, भावाच्या अक्षरात. तेलाचं पूर्ण नाव, शेवटचं बदललं तेव्हाचं किलोमीटर, आणि डिपस्टिक कशी बघायची ते. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण कंपनीगणिक पद्धत वेगळी आहे. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम करून, चालू ठेवून, पी मध्ये बघायचं. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गरम करून, इंजिन बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत. होंडात उलटं केलंत तर तेल बरोबर असूनही कमी दिसेल, आणि कोणीतरी पुन्हा स्टिअरिंगचं लाल तेल घेऊन येईल.